सगळ्या मालकांची संमती

महापौर लमार रूकर अत्यंत सज्जन गृहस्थ होते. ही माहिती मला खुद्द त्यांच्याकडूनच मिळाली, आणि तीही एकदा नव्हे, दर निवडणुकीला.

मुख्य रस्त्यावर त्यांचं फर्निचरचं दुकान होतं. तिथे आम्हा काळ्यांना खुर्ची विकत घेता येई, बसून बघता येत नसे. घरी न्या, मग बसा. टोचली तर आपलं नशीब. इतर दुकानदार आम्हाला मागच्या दाराने आत घेत. रूकरसाहेब पुढच्या दाराने घेत आणि उभं ठेवत. जॉर्जियातल्या आमच्या मार्बरी शहरात तेवढ्यावर माणूस पुढारलेल्या विचारांचा ठरायचा. तसे ते ठरले आणि महायुद्ध संपल्यावर महापौर झाले. मग वीसेक वर्षं त्या खुर्चीवरून उठले नाहीत. ती मात्र त्यांनी बसून बघितली होती.

रुळांपलीकडच्या आमच्या वस्तीत तेव्हा मत देऊ शकणारी माणसं अगदी मोजकी. पण गोऱ्यांची मतं निम्मी-निम्मी फुटली की हीच मोजकी माणसं सोन्याच्या भावाने जायची. त्यामुळे निवडणूक जवळ आली की रविवारी सकाळी माउंट नीबो चर्चच्या पहिल्या बाकावर रूकरसाहेब हजर. येताना पुठ्ठ्याचे हातपंखे घेऊन यायचे. आमच्याकडे चर्चमध्ये पंखे वाटायचा मान खरं म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांचा. त्यांच्या पंख्यावर एका बाजूला येशू आणि दुसऱ्या बाजूला दुकानाचा पत्ता. रूकरसाहेबांच्या पंख्यावर एका बाजूला येशू आणि दुसऱ्या बाजूला स्वतः रूकरसाहेब. ऑगस्टच्या उकाड्यात सगळं चर्च वारा घेऊ लागलं की समोरून येशू-रूकर, येशू-रूकर असं दिसायचं. मत कोणाला हवंय ते चेहऱ्यावरून लगेच कळायचं.

हे सगळं आता सांगायचं कारण रॉईस टॉलिव्हर.

रॉईस आमच्याच वस्तीतला. मार्बरीच्या नगरपालिकेत निवडून गेलेला पहिला काळा माणूस. मुलगा चांगला आहे. टाय बांधतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तो माझ्या ओसरीवर आला आणि म्हणाला, "मिस्टर पील, चार शब्द बोलाल का?"

"कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही हो! म्हणजे मेयर रूकर गेले, पण त्याला झाली तीन-चार वर्षं. त्यांचं नाव द्यायचंय रस्त्याला."

"कुठल्या?"

"आपल्याच." त्याने हात लांबवून दाखवलं. "नगरपालिकेच्या पायरीपासून रुळांपर्यंत मॅग्नोलिया स्ट्रीट, रुळांपासून इथपर्यंत जुबिली स्ट्रीट. रस्ता एकच, नावं दोन. लाज वाटते बाहेरच्या माणसाला सांगताना. आता इथून तिथून एकच नाव. रूकर अव्हेन्यू! एकीचं प्रतीक आहे, मिस्टर पील."

"छान आहे," मी म्हणालो. "दुधाच्या पातेल्यालाही बोक्याचं नाव द्या. तीही एकीच."

"बघा! हे असं तुम्हालाच जमतं. म्हणून तर बोलावतोय. इतकी वर्षं साप्ताहिकात लिहून लोकांना हसवलंत. फक्त कडू काही नको. हलकंफुलकं बोला. त्यांच्या मुली येणार आहेत."

शेजारच्या ओसरीवर अर्लेथा सिम्स शेंगा सोलत बसली होती. अर्लेथा आणि मी एकाच वर्गात शिकलो. मग ती शिक्षिका झाली आणि मी तसाच राहिलो. तिचा आवाज आला.

"रॉईस, इकडे ये. टाय लोंबू देऊ नकोस, शेंगांत जाईल."

रॉईस गेला. नगरसेवक असो की कोणी असो, ज्यांनी तिच्याकडून अक्षरं गिरवली ते सगळे अजून तिच्यापुढे हात मागे बांधून उभे राहतात.

"माझ्या पत्रांवर आता काय लिहून येणार?"

"मिसेस अर्लेथा सिम्स, रूकर अव्हेन्यू."

"मरेपर्यंत?"

"मॅडम, नुसतं नाव तर आहे."

अर्लेथाने एक शेंग मोडली. "तेव्हाही नुसतं नावच होतं, बाळा. सुरुवात तिथूनच झाली. माझा वेंडेल ज्या घरात जळाला, त्या घराच्या पत्त्यावर मी त्या माणसाचं नाव घालून घेऊ? माझ्या हयातीत तरी हे होणार नाही."

"पण ठराव तर झालाय."

"मग तोही सोलून ठेव इथे," ती म्हणाली.

रॉईसचा जन्म नंतरचा. त्याला हे ऐकून माहीत होतं, आणि ऐकलेलं माणूस सोयीने विसरू शकतो. म्हणून मी सांगतो.

एके काळी रुळांच्या दोन्ही बाजूंना मॅग्नोलिया स्ट्रीटच होता. अलीकडे एक मिसेस सिम्स राहायच्या, गोऱ्या. पलीकडे आमची मिसेस सिम्स. एकदा टपालवाल्याच्या हातून गोऱ्या बायकांच्या फुलझाड मंडळाचं निमंत्रण आमच्या मिसेस सिम्सच्या दारात पडलं. अर्लेथाने ते वाचलं आणि शिष्टाचार म्हणून चांगल्या कागदावर उत्तर पाठवलं: आपल्या निमंत्रणाबद्दल आभारी आहे, परंतु गुरुवारी शाळा असल्याने येऊ शकत नाही, आपल्या बागेतल्या अझेलियांना माझा नमस्कार. खाली सही, मिसेस वेंडेल सिम्स.

निमंत्रण चुकीच्या घरी गेलं हे मंडळाने समजून घेतलं असतं. अझेलियांना नमस्कार गेला तोही सोडून दिला असता. पण 'मिसेस'? आमच्या बायकांना गोरे नावाने हाक मारत, फार तर मावशी म्हणत. केस पांढरे झाले तरी पोरासोरांनीसुद्धा 'ए अर्लेथा'च म्हणायचं. आणि ही बाई स्वतःच्या हाताने, शाईने, मिसेस लिहिते! मंडळाच्या अध्यक्षा होत्या सौभाग्यवती रूकर. त्या दिवशी महापौरांच्या घरी जेवणात काय वाढलं गेलं माहीत नाही, पण पुढच्या महिन्यात तोडगा निघाला.

रविवारी रूकरसाहेब चर्चमध्ये आले. निवडणूक नसताना आले, तेव्हाच आम्ही घाबरायला हवं होतं. बरोबर नगरपालिकेचे तरुण वकील. दोघांनी मिळून हिरव्या मखमलीत गुंडाळलेली, हातभर लांबीची सोनेरी चावी आणली होती. ती कशाची केली होती हे आम्हाला पुढे कळलं. दुकानातल्या एका मोडक्या पलंगाचा खांब होता.

"बंधूंनो, भगिनींनो," महापौर म्हणाले, "आजवर या शहराने तुम्हाला काय दिलं? काहीच नाही. मला लाज वाटते!"

"बोला, बोला!" मागून आवाज आले. आमच्याकडे व्यासपीठावरच्या माणसाला असं उत्तर द्यायची रीत आहे. माणूस कसाही असो, रीत थांबत नाही.

"आज हे शहर रुळांपलीकडचा हा अख्खा रस्ता तुम्हाला देत आहे! तुमचा रस्ता! तुम्ही मालक! नावसुद्धा तुम्हीच ठेवा. मॅग्नोलिया सोडून कुठलंही!"

वकील उठले आणि म्हणाले, "यापुढे या रस्त्याचं काहीही करायचं तर सगळ्या मालकांची संमती लागेल. नगरपालिका कधीही ढवळाढवळ करणार नाही."

टाळ्या वाजल्या. आमचे पाद्री, रेव्हरंड बॅरो, यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यांच्या आजोबांची स्वतःवरसुद्धा मालकी नव्हती, त्यांच्या हातात रस्त्याची चावी दिली तर आणखी काय होणार? गुलामीतून सुटकेच्या दिवसाला आमची जुनी माणसं जुबिली म्हणत; त्या आठवणीने रेव्हरंडांनी तिथेच नाव ठेवलं, जुबिली स्ट्रीट. सगळं चर्च उभं राहून गायलं आणि आनंदाने घामाघूम होऊन महापौरांच्या तोंडाने वारा घेऊ लागलं.

अर्लेथा तेवढी बसून राहिली. "वेंडेल," ती नवऱ्याला म्हणाली, "या रस्त्यावर डांबर कोण टाकणार?"

"मालक," वेंडेल म्हणाला. "हळू बोल. लोकांचा आनंद चाललाय."

वेंडेल रेल्वेच्या यार्डात रात्रपाळीला असायचा. शांत माणूस. त्याला सगळं कळायचं, पण तो दिवसा झोपायचा.

डांबर आलं नाही. दिवे आले नाहीत. आगीच्या बंबाला पाणी देणारे नळ रुळांपर्यंत आले आणि संकोचून थांबले. तक्रार घेऊन गेलं की महापौर दोन्ही हात पसरायचे. "मी काय करणार? रस्ता तुमचा. दुसऱ्याच्या मालमत्तेत लुडबुड करायची आमच्या घरची शिकवण नाही."

पुढच्याच सप्टेंबरात एका दुपारी मालगाडीच्या इंजिनाची ठिणगी उडून सिम्सच्या छपरावर पडली. पाइनच्या फळ्या, उन्हाने वाळलेल्या. अर्लेथा शाळेत होती. वेंडेल पाळी करून येऊन आत झोपला होता.

बंब लगेच आला. याबद्दल कोणी वाईट बोललेलं मी ऐकून घेणार नाही. लाल, चकचकीत, पितळेची घंटा वाजवत आला आणि रुळांच्या अलीकडे थांबला. मी चर्चच्या विहिरीपासून लावलेल्या बादल्यांच्या रांगेत होतो. तिथून सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

"आत या!" रेव्हरंड बॅरो ओरडले. "या ना! थांबलात कशाला?"

"रस्ता खाजगी आहे," बंबाचा प्रमुख म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. पण त्याच्याकडे हुकूम होता, आणि हुकूम चेहऱ्याच्या वर असतो. "मालकांच्या संमतीशिवाय गाडी आत नेता येत नाही."

"आम्ही मालक! आमची संमती आहे!"

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची!"

"सगळे मालक इथे आहेत?"

रेव्हरंड खरं बोलायची सवय असलेले. "वेंडेल सिम्स घरात आहे!" ते ओरडले. "तो आत आहे, देवासाठी या!"

"मग सगळे नाहीत," प्रमुख म्हणाला.

आमच्यातल्या दोघांनी ओली पोती अंगावर घेऊन आत शिरायचा प्रयत्न केला. छप्पर त्यांच्यासमोरच कोसळलं. बंब शेवटपर्यंत उभा होता. त्याच्या पितळेत आग फार सुंदर दिसत होती.

दुसऱ्या दिवशी गोऱ्यांच्या वर्तमानपत्रात आलं, 'बंब वेळेत पोहोचला.' यात एकही शब्द खोटा नव्हता. इतकी वर्षं लिहूनही मला इतकं स्वच्छ खोटं कधी जमलं नाही.

अंत्यविधीला महापौर आले. आपल्या घरी भाजलेली डुकराची मोठी मांडी, वर लवंगा टोचलेली, त्यांनी अर्लेथाच्या बहिणीच्या हातात दिली. मग शवपेटीपाशी आले. "अर्लेथा," ते म्हणाले, "फार वाईट झालं. पण तुम्हा लोकांनी आता आपल्या रस्त्याची नीट काळजी घ्यायला हवी."

अर्लेथाच्या हातात त्यांचा पंखा होता. तिने येशूची बाजू स्वतःकडे वळवली, थोडा वेळ बघितली, आणि पंखा त्यांच्या हातात ठेवला.

"वारा पुरे झाला, मेयरसाहेब," ती म्हणाली. "आगीला वारा घालू नये."

त्यांनी पंखा काखेत मारला आणि पुढची निवडणूक जिंकली.

पुढची सगळी कारकीर्द अशीच. पाणपोयांवरच्या 'फक्त गोऱ्यांसाठी' या पाट्या काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी कसलीही खळखळ न करता पाट्या काढल्या. आठवड्याने पाणीही काढलं. उत्तरेतले पत्रकार येऊन लिहून गेले की मार्बरीत दंगल नाही, पोलिसांनी मोर्च्यांवर कुत्री सोडलेली नाहीत, महापौर समंजस आहेत. खरंच आहे. ज्याला नुसतं उभं राहून काम होतं, त्याने कुत्री कशाला सोडावीत?

त्यांच्या पश्चात वॉशिंग्टनहून पैसा आला आणि जुबिली स्ट्रीटला डांबर मिळालं, दिवे मिळाले, नळ मिळाले. त्या वेळी नगरपालिकेला कोणाची संमती आठवली नाही. आम्हीही आठवण करून दिली नाही. डांबराला कोण नको म्हणतो? पण रस्ता परत घ्यायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि आम्ही तो परत दिला नाही. चावी चर्चमध्ये गायकांच्या बाकांमागे टांगलेली आहे. दर वर्षी गावाबाहेर गेलेली माणसं परत येतात त्या रविवारी ती खाली काढतो, पुसतो, वेंडेलचं नाव घेतो आणि पुन्हा टांगतो.

"मी बोलू का रॉईसच्या समारंभात?" मी अर्लेथाला विचारलं.

"बोल की."

"कडू नको म्हणालाय."

"मग गोडच बोल," ती म्हणाली. "पण सगळं बोल, अ‍ॅम्ब्रोज. अर्धवट गोड बोलायला त्यांच्याकडे माणसं आहेत."

समारंभ रुळांपाशीच होता, खुर्च्या दोन्ही बाजूंना. रूकरसाहेबांच्या मुली हॅट घालून पुढे बसल्या होत्या. नगरपालिकेचे वकीलही होते. तेच, आता केस पिकलेले. रॉईसने माझी ओळख 'आपले सर्वांचे लाडके' अशी करून दिली. हा शब्द दात पडलेल्या कुत्र्यासाठी वापरतात.

मी गोड बोललो. म्हणालो की मेयर रूकर मोठ्या मनाचे होते. त्यांनी पंखे दिले, मांडी दिली, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे हा रस्ता दिला. मग हात वर केला, आणि चर्चच्या बायका पांढऱ्या कपड्यांत ती सोनेरी चावी घेऊन आल्या. रूकरसाहेबांच्या थोरल्या मुलीने कौतुकाने टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, भेट आहे.

"असा दाता पुन्हा होणे नाही," मी म्हणालो. "दिलेलं त्यांनी कधी परत मागितलं नाही. शब्द असा दिला होता, की या रस्त्याचं काहीही करायचं तर सगळ्या मालकांची संमती घ्यायची. तो शब्द ते इतका पाळत, की वेंडेल सिम्स आत जळत असताना त्याची संमती मिळाली नाही म्हणून त्यांनी बंब आत येऊ दिला नाही. तेव्हा आजच्या या थोर दिवशी आपण तो शब्द मोडून त्यांच्या आत्म्याला क्लेश देऊ नयेत. नाव द्या. पण आधी संमती घ्या. सगळ्यांची."

कोणी टाळी वाजवली नाही. आमच्या बाजूने नुसतं "बोला" आलं, हळू आवाजात. वकील रॉईसच्या कानाशी लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की ते वाक्य त्यांना अजून पाठ आहे.

थोरली मुलगी उठली. "हे अतिशय कडवट आहे," ती म्हणाली.

"हो," मागून अर्लेथा म्हणाली. "आणि मी ते रोज गिळते, बाई. तुम्ही आज एकदा चाखलंत."

संध्याकाळी रॉईस चिडून आमच्याकडे आला. "मला तोंडघशी पाडलंत तुम्ही! आणि खाजगी रस्ता, खाजगी रस्ता म्हणत बसलात, आणि उद्या पुन्हा बंब थांबला म्हणजे?"

"थांबवून दाखवू देत त्यांना," अर्लेथा म्हणाली. "तुला कशासाठी निवडून दिलंय? पाट्यांसाठी? बंब थांबला तर त्याच्यापुढे तू उभा राहायचंस. तेव्हा आमच्याकडे उभं राहायला कोणी नव्हतं. आता तू आहेस ना?"

रॉईसने टाय सैल केला. मग खुर्ची ओढून तिच्याशेजारी शेंगा सोलायला बसला. सोलतो वाईट.

पुढच्या आठवड्यात वकील दारोदार फिरले. ज्याच्या त्याच्या ओसरीवर एकच उत्तर, "आधी सिस्टर अर्लेथाला विचारा." शेवटी ते तिच्या पायरीशी आले आणि त्यांनी हॅट काढली.

"मिसेस सिम्स," ते म्हणाले.

या एका शब्दासाठी तीसेक वर्षं आणि एक माणूस लागला. अर्लेथाने तो ऐकून घेतला. आभार मानले नाहीत.

"तुमच्या एका संमतीवर सगळं अडलंय," ते म्हणाले.

"माझ्या नाही. जागा वेंडेलची होती. मालक तो. त्याची संमती घ्या."

"पण मिसेस सिम्स, ते तर..."

"हो. त्या दिवशीही त्याला विचारायचं राहून गेलं होतं." ती उठली आणि हातातलं भांडं तिने खाली ठेवलं. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "कलम तुमचं आहे ना? मग जा, विचारून या त्याला! मी इथेच बसलेय!"

वकिलांनी हॅट घातली. मग ते रुळांच्या दिशेने चालू लागले.

रूकर अव्हेन्यू आज नगरपालिकेच्या पायरीपासून सुरू होतो आणि रुळांशी संपतो. तिथून पुढे जुबिली स्ट्रीट. रस्ता एकच, नावं दोन, आणि बाहेरचा माणूस विचारतो तेव्हा आता मला लाज वाटत नाही. महापौरांच्या नावाच्या पाटीचा खांब पुरलाय रुळांच्या अलीकडे, अगदी जिथे बंब उभा होता त्या जागी. जागा त्यांची त्यांनीच निवडली. मला ती योग्य वाटते.